कडेवरचं नाव

साताऱ्यात आमचं दुकान होतं तेव्हा एक प्रश्न मला हटकून ऐकावा लागायचा. "वहिनी, ह्यात चांदी किती निघंल?" विचारणारा माणूस खिशातून रुमाल काढायचा, रुमालातून एक पदक काढायचा आणि काउंटरच्या काचेवर टाकायचा. आजोबांचं असायचं, चुलत्याचं असायचं, कधी स्वतःच्या वडलांचं. मी म्हणायची, "चांदी मोजायची तर सराफाकडे जा. इथं पदकं ओळखतात, वितळवत नाहीत." आणि माणूस खरोखरच सराफाकडे जायचा.

दुकान बंद झालं, डोळ्यांवरचा चष्मा जाड झाला, पण तो राग काही उतरला नाही. संपादकांनी सणाच्या अंकासाठी कामाच्या गमतीजमती लिहा म्हणून सांगितलंय. गमती होत्या, पण आठवायला बसले की आधी हा रागच वर येतो. तेव्हा तोच लिहिते.

आमचं दुकान म्हणजे मुळात शिंप्याचं. माझे सासरे पलटणीत शिंपी होते. साहेबांचे गणवेश शिवणं, जवानांच्या छातीवर पदकांच्या फिती नीट ओळीत बसवून देणं हे त्यांचं काम. निवृत्त होऊन साताऱ्यात आले आणि तेच काम इथं सुरू केलं. आमच्या भागात एक घर सोडून दुसऱ्या घरात कुणीतरी फौजेत गेलेलं, त्यामुळे गिऱ्हाईक चिक्कार. सव्वीस जानेवारी जवळ आली की पेन्शनर मंडळी रंग उडालेल्या, उंदरांनी कुरतडलेल्या फिती घेऊन यायची. आम्ही नवी फीत घालून, पदकं घासूनपुसून, मानाप्रमाणे डावीकडून उजवीकडे लावून द्यायचो. सासऱ्यांची दृष्टी गेली तेव्हा हे काम माझ्याकडे आलं. माझे यजमान शिक्षक. त्यांना सुईत दोरा ओवता येत नव्हता, त्यामुळे वारसा कुणाचा यावर घरात वाद झाला नाही.

शिवता शिवता मी ओळखायला शिकले. फीत कुठल्या रंगाची, राजा कुठला, पदक टांगायची दांडी सरळ की वेलबुट्टीची, यावरून लढाई कळते. गावाकडे लोकांनी पदकांना आपापली नावं ठेवली होती. पहिल्या महायुद्धातून आलेल्या शिपायांना बहुधा तीन पदकं मिळाली. एक तांबूस चांदणी, ती 'तारा'. एक पंखवाल्या बाईचं, ते 'परी'. आणि एक चांदीचं, मागच्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा माणूस, तो 'घोडेवाला'. तिघांत चांदीचा तेवढा घोडेवाला. म्हणून सराफाच्या मुशीत जायचा तो घोडेवालाच. तारा आणि परी पोरांच्या खेळण्यात.

इंग्रज सरकारच्या या पदकांतली मला एकच गोष्ट मनापासून आवडते. पदकाच्या कडेवर, नाण्याच्या कडेला खाचा असतात तशा जागी, ज्याला ते मिळालं त्याचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. जनरलच्या पदकावर जनरलचं नाव आणि पखाल वाहणाऱ्याच्या पदकावर पखाल वाहणाऱ्याचं. आमच्या खटाव-जतकडच्या पोरांची नावं दगडावर कोरायला कुणी आलं नाही, पण या बोटाएवढ्या कडेवर ती आहेत. नाव पुसलं की राहते ती नुसती चांदी.

हे सराफाला कळत नाही ते मी समजू शकते. पण सांगलीचे एक डॉक्टर पदकं जमवायचे, हौशी माणूस, त्यांच्याकडे काचेचे ड्रॉवर. मोठ्या कौतुकानं त्यांनी मला संग्रह दाखवला. एका खणात सगळे तारे, एका खणात सगळ्या पऱ्या, एका खणात सगळे घोडेवाले, पोस्टाची तिकिटं लावावीत तसे. मी भिंग लावून वाचत गेले तर एकाच शिपायाची तीन पदकं तीन खणांत. म्हटलं, "डॉक्टर, हा एक माणूस आहे हो. तुम्ही त्याचे तुकडे करून ठेवलेत." ते हसले. म्हणाले, "असं लावलं की दिसायला छान दिसतं." मी चहा न पिता उठले.

पण डॉक्टरांनी निदान नावं पुसली नव्हती. ते पाप मला पुढे बघायचं होतं.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. एके दिवशी दुपारी दुकानासमोर जीप थांबली. आतून एक गृहस्थ उतरले. कडक इस्त्रीचे कपडे, मनगटावर सैल पट्ट्याचं घड्याळ. बोलताना ते सारखं खाली यायचं आणि ते सारखे वर सरकवायचे. म्हणाले, "मी नानासाहेबांचा सेक्रेटरी." कराडच्या अलीकडे एका गावात नानासाहेब नावाचं मोठं प्रस्थ होतं. ऊस, हायस्कूल, पतपेढी, सगळीकडे तेच. आता हायस्कुलात ते आपल्या आजोबांच्या नावानं स्मृतिदालन काढत होते. आजोबा पहिल्या महायुद्धात लढले होते म्हणे.

सेक्रेटरींनी मखमली डबी उघडली. आत घोडेवाला. "ह्याला नवी फीत घाला, फ्रेम करा, आणि हे अस्सल आहे असं तुमच्या सहीनं लिहून द्या. तुमचं नाव आहे ना या धंद्यात."

मी पदक उचललं आणि अंगठ्यालाच कळलं. सरकारी अक्षरं साच्यानं ठोकलेली असतात. सगळी सारख्या खोलीची, सारख्या उंचीची, आणि कित्येक वर्षांच्या हाताळणीनं बोथट झालेली. या कडेवर नंबर तसाच होता, शेवटी पलटणीचं नाव तसंच होतं, आणि मध्ये मात्र नानासाहेबांच्या आजोबांचं नाव सराफाच्या टोकदार छिन्नीनं कोरलेलं. नवीकोरी अक्षरं. बोटाला टोचत होती.

मी काउंटरच्या काचेवर पदक उभं धरलं आणि हलकेच ढकललं. अस्सल पदक सरळ घरंगळत जातं. हे थोडं गेलं, नावाच्या जागेवर आलं आणि लंगडलं. तिथली चांदी घासून काढलेली होती, कड तेवढ्या भागात चपटी झाली होती.

"हे दुसऱ्याचं पदक आहे," मी म्हटलं. "नाव घासून वर हे नाव घातलंय."

त्यांनी घड्याळ वर सरकवलं. "वहिनी, तुम्ही फक्त फीत घाला."

"फीतसुद्धा घालणार नाही."

डबी बंद झाली, जीप गेली. नंबर आणि पलटण माझ्या डोक्यात राहिली.

चार दिवसांनी नानासाहेब स्वतः आले. अंगानं भारदस्त, बोलणं लोण्यासारखं. खुर्चीवर बसले, सासऱ्यांच्या फोटोला नमस्कार केला.

"वहिनी, पोरांपुढं आदर्श नको का? हल्लीची पोरं बघताय तुम्ही. आपल्या मातीतला माणूस सातासमुद्रापार लढला, हे त्यांना दिसलं पाहिजे."

"दिसू दे की. मग ज्याचं पदक आहे त्याचंच नाव दिसू दे."

"त्याला आता कोण ओळखतंय?" ते हसत म्हणाले. "असेल कुणीतरी खेड्यातला शिपाई. मेला, खपला. माझ्या आजोबांच्या नावानं निदान त्या पदकाला रोज हार तरी पडेल."

एवढं बोलून त्यांनी सुपारी तोंडात टाकली. माणूस चिडून, धमकावून बोलला असता तर मी कदाचित विसरले असते. हा माणूस शांतपणे, माझी समजूत घालत होता. एका मेलेल्या माणसाचं नाव कानशिनं घासून टाकलं आणि वर त्याच्यावर उपकार केल्याचं सांगत होता. मी म्हटलं, "त्याला कोण ओळखतंय ते मी शोधून काढते."

म्हटलं खरं, पण शोधायचं कसं? नुसत्या नंबरावरून माणूस सापडत नाही. फौजेच्या दप्तराला लिहिलं तर उत्तर यायची खात्री नाही. पण माझ्याकडे एक गोष्ट होती, ती म्हणजे गिऱ्हाईक. सव्वीस जानेवारीची गर्दी सुरू झालीच होती. येईल त्या पेन्शनरला मी विचारू लागले, "तुमच्या गावात कुणाच्या घरी तारा आणि परी आहे, पण घोडेवाला नाही, असं आहे का?" बहुतेक जण म्हणायचे, "सगळ्यांचंच तसं हाय की. घोडेवाला मोडला."

एक सुभेदार तात्या मात्र थबकले. कवठे महांकाळच्या बाजूचे, बोलण्यात अर्धी हिंदी.

"मोडला नाही, नेला," ते म्हणाले. "आमच्या हौसाबाईच्या घरनं. सरकारी मानूस आला होता, तपासनीला पाहिजे म्हनला. दिवाळीपत्तूर आणून देतो बोलून गेला. दोन दिवाळ्या झाल्या."

"कसा होता तो माणूस?"

"मैंने नहीं देखा. हौसाबाई सांगते, घड्याळ सैल होतं, बोलताना सारखं वर करत होता."

दुसऱ्याच रविवारी मी एसटीनं कवठे महांकाळला गेले. तात्या स्टँडवर उभे होते. तिथून पुढे त्यांच्या ओळखीच्या टेम्पोनं गावात. कुसळं उगवलेलं माळरान, दोन बाभळी, धाब्याचं घर. हौसाबाई दारात मटकी निवडत होत्या. सत्तरीच्या असतील. हाडं काटक, नजर थेट. मुलगा फौजेत होता, सून आणि नातवंडं रानात गेली होती.

तात्यांनी ओळख करून दिली तेव्हा त्या आधी मला खालून वर बघत राहिल्या. "तुमीबी तपासनीला न्यायला आलाय व्हय?"

"नाही. फक्त बघायला आले. तुमच्या हातातच ठेवा."

मग त्या आत गेल्या आणि देवळीतून एक पितळी डबा घेऊन आल्या. आत हळदीच्या फडक्यात तारा आणि परी. त्यांच्याच हातात धरून मी भिंग लावलं. ताऱ्याच्या पाठीवर आणि परीच्या कडेवर एकच नंबर. तोच. तीच पलटण. आणि मध्ये, जिथे माझ्या दुकानातल्या पदकावर नानासाहेबांच्या आजोबांचं नाव होतं, तिथे इंग्रजी अक्षरांत स्वच्छ लिहिलेलं: केरू भाऊ.

मी मोठ्यानं वाचलं. हौसाबाईंनी मान हलवली. "मामंजी. माजं सासरं."

"तुम्हाला वाचता येतं?"

"न्हाई वो. त्येंनाबी येत नव्हतं. पर मी लगीन हून आले तवा ल्हान पोर व्हते. दसऱ्याला त्ये बिल्लं राखंनं घासायचं आन माजा अंगठा धरून कडंवरनं फिरवायचं. 'हितनं हितवर नंबर. हितनं हितवर आपलं नाव. हितं पलटन.' म्हनायचं, 'सरकारनं चांदीवर आपलं नाव घातलंय पोरी, आपल्या सातबाऱ्यावर सुदीक नीट न्हाई.' लढाईचं काय सांगायचं न्हाईत. पान्याबिगर बगदादकडं लय हाल झालं येवडंच."

मग तो माणूस कसा आला, किती गोड बोलला, हे त्यांनी सांगितलं. तिन्ही न्या म्हटलं तर म्हणाला, चांदीचाच पाहिजे. बोलता बोलता त्यांनी आपली बांगडी मनगटावर सर्रकन वर केली. हुबेहूब.

मी नानासाहेबांचं सगळं सांगितलं. मटकीतला खडा शोधावा तसं हौसाबाईंचं बोट ताटात फिरत राहिलं. मग म्हणाल्या, "त्येच्या आज्याला बिल्ला नव्हता व्हय?"

तात्या म्हणाले, "आज्या फौजेत नव्हताच. खेचरांच्या चाऱ्याचा ठेका होता त्याचा. सब जानते हैं उधर."

"मंग चाऱ्याची पेंडी लाव म्हनावं भितीवर," हौसाबाई म्हणाल्या आणि ताट बाजूला सारून उठल्या. "कवा जायाचं?"

दालनाच्या उद्घाटनालाच आम्ही गेलो. हायस्कुलाचं पटांगण, मांडव, लेझीम, पाहुण्यांना फेटे. दालनात भिंतीवर आजोबांचं मोठं तैलचित्र. चित्रकाराला पैसे देऊन आजोबांच्या छातीवरसुद्धा पदक रंगवून घेतलेलं. खाली काचेच्या पेटीत घोडेवाला. फीत दुसऱ्या कुणीतरी घातली होती, तीही उलटी.

भाषणं सुरू व्हायच्या आत हौसाबाई सरळ व्यासपीठापाशी गेल्या. मी आणि तात्या मागे. कार्यकर्ते आडवे आले. गर्दीत सेक्रेटरी होते. हौसाबाईंनी बोट केलं. "ह्योच. ह्येनंच नेला." माणसाचा हात घड्याळाकडे गेला आणि तिथेच थांबला.

मला वाटलं होतं आता गोंधळ होईल, नानासाहेब हात झटकतील, आम्हाला बाहेर काढतील. मी भांडायच्या तयारीनं गेले होते, पिशवीत तारा, परी आणि भिंग घेऊन. पण नानासाहेब मुरलेले. क्षणभर त्यांनी आमच्याकडे पाहिलं, मग माईक हातात घेतला.

"बंधू-भगिनींनो, आज एक भाग्याचा योग आलाय. एका वीर शिपायाची सून आपल्यात आहे. माझ्या आजोबांचा आणि या माउलीच्या सासऱ्यांचा ऋणानुबंध. नजरचुकीनं त्यांचं पदक आमच्याकडे आलं. आज ते मी आदरानं त्यांच्या ओटीत घालतो. आणा रे शाल!"

टाळ्या. मला वाटलं आपल्या कानांवर कुणीतरी चिखल फेकतंय. मी ओरडले, "नजरचूक? कानस नजरचुकीनं फिरते?" पण माझ्याकडे माईक नव्हता आणि लेझीमवाल्यांना कुणीतरी खूण केली होती.

शाल आली, नारळ आला, फोटोवाला पुढे सरसावला. हौसाबाईंनी हात मागे घेतले. "शाल नगं. थंडी न्हाई मला. बिल्ला द्या."

पेटी उघडून पदक त्यांच्या तळहातावर ठेवलं गेलं. त्यांनी लगेच अंगठा कडेवरून फिरवला. मी त्यांचा चेहरा बघत होते. नंबरावरून अंगठा पुढे गेला आणि तिथे अडखळला. परत मागे आला, परत गेला. "खरवाडलंय," त्या हळूच म्हणाल्या. "मामंजींचं नाव खरवाडलंय."

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. खाली ओळ: नानासाहेबांच्या हस्ते वीरकुटुंबास पदक अर्पण. अर्पण! चोरलेली वस्तू खराब करून परत दिली आणि वर दाता म्हणून फोटो छापून आला. मी त्या पेपरच्या संपादकांना पत्र लिहिलं. छापलं नाही. पोलिसात गेलो तर ठाण्यातले म्हणाले, "पदक मिळालं ना? मग तक्रार कसली?" नाव गेलं म्हटलं तर त्यांना वाटलं मी बदनामीबद्दल बोलतेय. नाव चोरीला जातं आणि ती चोरी धरता येत नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. नानासाहेबांना काहीही झालं नाही. पुढच्या निवडणुकीतही ते निवडून आले. भिंतीवरचं तैलचित्र, छातीवर रंगवलेल्या पदकासकट, माझ्या माहितीप्रमाणे अजून तिथेच आहे.

हौसाबाई मात्र उद्घाटनाच्या दिवशी परस्पर गावी गेल्या नाहीत. तात्यांबरोबर माझ्याकडे दुकानात आल्या. पदक काउंटरवर ठेवून म्हणाल्या, "बाई, मामंजींचं नाव परत घाला."

जगात मला सगळ्यात जास्त करावंसं वाटलेलं काम ते आणि तेच मला करता येत नव्हतं. मी त्यांना समजावून सांगितलं. जी चांदी घासून गेली ती आता नाही. सरकारचे ते साचे नाहीत. मी कोरलं तर तेही सराफी अक्षरच होणार, त्या सराफानं कोरलं तसंच. बघणारा म्हणेल, हे नाव खोटं आहे. खऱ्या माणसाचं खरं नाव मी खोटं करून ठेवीन.

त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "बरं. आमचं येत नसलं तर ऱ्हाऊ द्या. पर त्येचं तेवडं काढा."

सासऱ्यांनी मला पहिल्या दिवशी घातलेली शपथ होती, कडेला हत्यार लावायचं नाही. पदक काळं पडू दे, चेपू दे, कड घासायची नाही. माझ्या कारकिर्दीत मी तो नियम एकदाच मोडला. बारीक कानस घेतली, पदक फडक्यात घट्ट धरलं आणि नानासाहेबांच्या आजोबांचं नाव अक्षर अक्षर करून काढून टाकलं. चांदीचा भुगा कागदावर पडत होता. तात्या उभेच होते, सावधान. नंतर एका जमवणाऱ्यानं मला सांगितलं की मी त्या पदकाची बाजारातली उरलीसुरली किंमतही संपवली. मी म्हटलं, त्यासाठीच केलं.

हौसाबाईंनी अंगठा फिरवला. नंबर. मग गुळगुळीत जागा. मग पलटण. परत एकदा फिरवला, सावकाश.

"नंबर हाय, पलटन हाय," त्या म्हणाल्या. "मधी मामंजी हायत. मला ठावं हाय."

मी तिन्ही पदकं एका पट्टीवर ओळीत बसवली, तारा, घोडेवाला, परी. नव्या फिती, दुहेरी टाका. मोडलेलं घर परत उभं करावं तसं वाटत होतं, आणि एक भिंत नाही हेही दिसत होतं. निघताना त्यांनी विचारलं, "आमी बायकांनी लावलं तर चालतं का?" मी सांगितलं की चालतं. ज्याला मिळालं तो डाव्या बाजूला लावतो, घरच्यांनी उजव्या बाजूला लावायचं असतं.

सव्वीस जानेवारीला मी त्यांच्या गावी गेले. शाळेच्या आवारात झेंडावंदन. माजी सैनिकांच्या रांगेत तात्यांच्या शेजारी हौसाबाई उभ्या होत्या. इरकली लुगडं, आणि चोळीवर उजव्या बाजूला तीन पदकं उन्हात चमकत होती. एक तरुण ग्रामसेवक, नुकताच बदलून आलेला, लगबगीनं पुढे आला. त्यानं काही वाईट म्हटलं नाही. आदरानंच म्हणाला, "आजी, पदकं डाव्या बाजूला लावतात. चुकून उजवीकडे लागलीयत."

हौसाबाईंनी त्याच्याकडे बघितलंही नाही. नजर झेंड्याच्या काठीवर.

"ज्येनं मिळीवलं त्येनं डावीकडं लावायचं," त्या म्हणाल्या. "ज्येंनी सांबाळलं त्येंनी उजवीकडं. आन ज्येंनी चोरलं त्येंनी कुटं लावायचं, त्ये तू नानासायबास्नी इचार."